वॅटला काय पडलं?

उमेदीची सगळी वर्षं बँकेत काढलेल्या बाईला काहीही विकत घ्यायचं म्हटलं की आधी कागद लागतो. वर रक्कम, खाली मिळणारा माल, आणि मग भागाकार. सोनं तोळ्याला काय पडलं, सिमेंट गोणीला काय पडलं, पडद्याचं कापड मीटरला काय पडलं. सोलरच्या प्लेटा घ्यायच्या ठरल्या तेव्हा मी त्याच सवयीने वॅटला काय पडतं ते मांडायला बसले. प्लेटा दोन ठिकाणी लागणार होत्या. एक, सोलापुरातल्या आमच्या घराची गच्ची. दुसरी, मोहोळकडची शेतातली वस्ती, जिथे माझे धाकटे दीर राहतात आणि लाइट कधी येते-जाते याचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं असतं. नव्या घ्यायच्या की जुन्या? मला वाटलं, चहा होईस्तोवर उत्तर निघेल. त्याची वही झाली. तिच्यातलं थोडं इथे उतरवते. भाव मला सांगितले गेले ते आहेत. तुमच्या गावचे वेगळे असतील, ते घालून बघा.

१. प्लेटच्या पाठीवर छापलेला वॅट सोलापूरचा नसतो, हे मला सगळ्यात आधी कळलं आणि पचायला सगळ्यात जास्त वेळ लागला. तो आकडा कारखान्यात मोजतात: प्रकाश चौरस मीटरला १००० वॅट, आणि आतल्या सेलचं तापमान २५ अंश. आमच्याकडे सेल २५ अंशांवर असतो तो पहाटे, आणि पहाटे ऊन नसतं. मे महिन्यात भर दुपारी प्लेट ६५ अंशांपर्यंत सहज तापते. जुन्या निळ्या पॉलिक्रिस्टलाइन प्लेटा २५ च्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के ताकद गमावतात. चाळीस अंश वर गेल्या की सोळा टक्के गेले. म्हणजे २५० वॅटची प्लेट, अगदी कोरी असली तरी, २१० वर. आता ज्या टॉपकॉन प्लेटा मिळतात त्यांचं हेच नुकसान अंशाला ०.३ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे बारा टक्के. जितकं कडक ऊन तितकी जास्त वीज, असं मी बिनदिक्कत धरून चालले होते. प्लेटला ऊन हवं असतं, उष्मा नको असतो. सोलापुरात दोन्ही जोडीने येतात. त्यामुळे नव्या-जुन्यातलं अंतर महाबळेश्वरला असेल त्यापेक्षा आमच्याकडे थोडं जास्तच पडतं, आणि कोटेशनमध्ये याची ओळ नसते.

२. जुनी प्लेट स्वस्त वाटते ती तिच्या जन्मवेळच्या भावाशी ताडल्यामुळे. राष्ट्रीय सौर अभियान जानेवारी २०१० मध्ये सुरू झालं, त्या सुमारास प्लेटचा भाव वॅटला शंभर रुपयांच्या घरात होता. शेतासाठी प्लेटा दाखवणाऱ्या गृहस्थांनी मला हेच ऐकवलं: "ताई, पंचवीस हजाराची प्लेट दोन हजारात देतोय." शब्दशः खरं होतं. पण त्या पंचवीस हजारांना आज काही अर्थ उरलेला नाही. जगात एकूण बनलेल्या प्लेटांची संख्या दुप्पट झाली की भाव साधारण वीस टक्क्यांनी उतरतो, असा या धंद्याचा अनुभव आहे. रिचर्ड स्वॉन्सन नावाच्या उद्योजकाच्या नावाने तो ओळखला जातो. २००८ च्या सुमारास वॅटला चार डॉलरच्या आसपास असलेला भाव २०२४ मध्ये चिनी कारखान्याच्या दारात दहा सेंटांवर आला. आपल्याकडे आयातशुल्क आणि देशी मालाच्या अटी असल्याने तितकं स्वस्त मिळत नाही. तरी मला साधी नवी ५५० वॅटची प्लेट वॅटला १६ रुपयांनी सांगितली, आणि देशी सेलपासून देशात बनलेली, म्हणजे बाजारात जिला डीसीआर म्हणतात ती, २५ रुपयांनी. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, तेवढी नवी आणखी खाली आली. जुनीला जे काही झुंजायचं आहे ते या सोळाशी. बँकेत तारण सोन्याचं मूल्यांकन आम्ही आजच्या भावाने करायचो, लग्नातल्या पावतीवरच्या भावाने नाही. प्लेटच्या बाबतीत मात्र "पंचवीस हजार" ऐकून माझ्यातली बाजारहाट करणारी बाई क्षणभर हरखली होती, हेही खरं.

३. भागाकाराचा खालचा आकडा छापील नसतो, तो शोधावा लागतो. शेतासाठी आठ प्लेटांचा लॉट सांगितला होता: २५० वॅटच्या, साठ सेलच्या, प्लेटला दोन हजार. वॅटला आठ रुपये, नव्याच्या निम्म्याने. भावोजी म्हणाले, "वहिनी, म्हैस घेताना दोन वेळची धार काढून बघतात. ही उन्हात उभी करून बघायची." ते शाळेत गणितात कच्चे होते असं सासूबाई सांगायच्या, मला तसा पुरावा अजून मिळालेला नाही. आम्ही वायरमनला घेऊन दुपारी गेलो. त्याने एकेका प्लेटची दोन टोकं मीटरला लावली. सातांचा दाब ३५-३६ व्होल्टच्या आसपास आला, पाठीवरच्या ३७ पेक्षा थोडा कमी. पण तापलेल्या प्लेटचा दाब कमी होणारच. आठवीचा आला २४. प्लेटच्या मागच्या डबीत सहसा तीन डायोड असतात, सेलच्या एकेका तृतीयांशासाठी एकेक. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की तेवढा तुकडा हिशेबातून बाद होतो आणि दाब बरोबर तिसऱ्या हिश्शाने पडतो. मला या नेमकेपणाची गंमत वाटली. विकणाऱ्याला वाटली नाही.

पण खरी परीक्षा व्होल्टची नव्हतीच. व्होल्ट म्हातारी प्लेटही झोकात दाखवते, अगदी ढगाळ दिवशीसुद्धा. वय दिसतं ते करंटमध्ये. दोन्ही टोकं जोडून वाहणारा करंट डीसी क्लॅम्प मीटरने बघायचा, आणि तो आकडा एकटा बघून काही कळत नाही, कारण करंट उन्हाच्या प्रमाणात वर-खाली होतो. आमच्या वायरमनने शेजारी एक खात्रीची, चांगली प्लेट त्याच कोनात ठेवली, आणि दोघींचे आकडे एकाच वेळी घेतले. त्या तुलनेवरून आम्ही सात प्लेटांना सरासरी २०० वॅट धरलं. आता मांडा: लॉट सगळाच उचलावा लागणार, सोळा हजार, टेम्पो दीड हजार, मिळाले १४०० वॅट. वॅटला साडेबारा. आठाचे साडेबारा झाले, आणि यात कोणी फसवलेलं नाही. विकणाऱ्याने २५० वॅटची प्लेट म्हणून जी दिली ती पाठीवरच्या कागदाप्रमाणे २५० चीच होती.

४. डोळ्यांनी दिसणारं पुष्कळ असतं, फक्त वाकून बघावं लागतं. काचेखाली पिवळट-तपकिरी झाक, सेलवर नागमोडी करड्या रेघा, कडेला बुडबुडे, डबीपाशी जळल्याचा डाग. पाठीवरच्या पांढऱ्या पडद्यावर बोट फिरवायचं; भुकटी बोटाला लागली की तो पडदा म्हातारा झाला, आणि त्याला तडे असतील तर पावसाळ्यात ओल आत जाणार. फुटलेल्या काचेची प्लेट वीज देते, हे बघून मला नवल वाटलं. देते, पण फार दिवस नाही, आणि ओल्या हाताला धोका वेगळाच. ती फुकट दिली तरी घेऊ नये.

५. जो वॅट बॅटरीपर्यंत पोचत नाही त्याचेही पैसे आपण मोजलेले असतात. वस्तीवर आधीपासून एक बारा व्होल्टची बॅटरी आणि साधा चार्ज कंट्रोलर होता, कुंपणाच्या झटका मशीनसाठी. माझ्या मनात आलं, त्यालाच एक जुनी प्लेट जोडून टाकू. वायरमनने मान हलवली. २५० वॅटची प्लेट ताकद देते ती तीस व्होल्टला सव्वाआठ अँपिअर अशी. साधा, म्हणजे पीडब्ल्यूएम कंट्रोलर प्लेटला बॅटरीच्या दाबावर खाली ओढतो. सव्वाआठ अँपिअर तेच, व्होल्ट तेरा. गुणाकार करा: १०७ वॅट. दोन हजारांची प्लेट वॅटला साडेअठरा रुपयांच्या वर पडली, आणि नव्या ५५० वाल्यापेक्षा महाग झाली, तिच्यात काही बिघाड नसताना. एमपीपीटी कंट्रोलर हा जादाचा दाब वाया न घालवता त्याचा करंट करून देतो. तो काही हजारांनी महाग असतो, आणि ते हजारही प्रामाणिकपणे वॅटच्या हिशेबात धरायला हवेत. इथे माझ्या वहीचं पान दुमडलेलं आहे. वस्तूची किंमत तिच्या शेजारी कोण बसलंय त्यावर ठरते, हे मला माणसांबद्दल माहीत होतं.

६. लोखंड वॅटने विकत नाहीत. ही एवढीशी गोष्ट सगळं चित्र फिरवते. जुनी २५० ची प्लेट साधारण साडेसतरा चौरस फूट जागा खाते. नवी ५५० ची अठ्ठावीस. जागेच्या हिशेबाने नवी जवळजवळ चाळीस टक्के जास्त वीज देते, आणि जुनीची आजची खरी ताकद धरली तर त्याहून जास्त. आमच्या सात जुन्यांना १२२ चौरस फूट लागणार, तेवढ्याच ताकदीच्या नव्यांना ७१. गॅल्व्हनाइज्ड स्ट्रक्चर चौरस फुटाला १४० रुपये धरा. जुन्यांचं स्ट्रक्चर सतरा हजारांवर, नव्यांचं दहा हजारांच्या आत. प्लेट आणि स्ट्रक्चर मिळून जुन्यांचे होतात साडेचौतीस हजारांवर, नव्यांचे बत्तीस हजारांच्या आसपास. निम्म्या भावाची वस्तू बेरजेत महाग! शिवाय जास्त क्लॅम्प, जास्त जोड, आणि दर जोड म्हणजे उद्याची एक ढिली जागा. मी हे भावोजींना मोठ्या विजयी मुद्रेने दाखवलं. ते म्हणाले, "पण स्ट्रक्चर आपल्याला कुठं घ्यायचंय? गोठ्याचे जुने अँगल पडलेत की." खरंच पडले होते. वेल्डर आला, दोन दिवसांची मजुरी घेऊन गेला, आणि जुन्या प्लेटा पुन्हा स्वस्त झाल्या. शहरात जागा विकत असते, शेतात ती पडून असते. वॅटचा भाव विचारणाऱ्याला आधी कुठे राहता हे विचारायला हवं.

७. गच्चीसाठी जुन्या प्लेटा फुकट मिळाल्या असत्या तरी परवडल्या नसत्या. हे मी दोनदा तपासून बघितलं, कारण विश्वास बसेना. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. घरगुती छतासाठी पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे तीस हजार, तिसऱ्याला अठरा हजार, म्हणजे तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त ७८ हजार अनुदान. अट अशी की प्लेट देशी सेलपासून देशात बनलेलीच हवी. मला तीन किलोवॅटचं कोटेशन आलं १ लाख ९५ हजारांचं. अनुदान वजा जाता १ लाख १७ हजार. सगळा संच मिळून वॅटला ३९ रुपये. आता समजा कोणी देवमाणसाने मला तीन किलोवॅटच्या जुन्या प्लेटा दारात आणून ठेवल्या, फुकट. कोटेशनमधून प्लेटांचे पंच्याहत्तर हजार गेले, राहिले १ लाख २० हजार: इन्व्हर्टर, स्ट्रक्चर, केबल, अर्थिंग, मजुरी. आणि अनुदान शून्य. फुकटच्या प्लेटा तीन हजारांनी महाग पडल्या! वरून जागा जास्त खाणार ती वेगळीच. बिल, अर्ज, तपासणी, नवा मीटर या सगळ्यात माझे किती हेलपाटे झाले ते लिहीत नाही. अनुदान खात्यात जमा झालं त्या दिवशी ते विसरले. कर्जखात्यातल्या माणसाला अनुदानाबद्दल उगाच एक संशय असतो, कारण अनुदान मिळणार म्हणून घेतलेली किती कर्जं नंतर थकतात ते त्याने बघितलेलं असतं. तरीही इथे आकडा उघड बोलत होता. दुसऱ्या बाजूने बघितलं तर सरकार आपल्याला प्लेट स्वस्त देत नाही. नवी आणि देशी घ्यायचे पैसे देतं, आणि जुन्यांचा बाजार त्यामुळे आपोआप गच्चीवरून खाली उतरून शेतात, पोल्ट्रीत, ढाब्यावर जातो.

८. पंचवीस वर्षांच्या हमीचं काय करायचं हे माझ्या वयाच्या बाईला पटकन सुचत नाही. नवी प्लेट पंचवीस वर्षांनी ऐंशी टक्क्यांच्या वर वीज देईल असं कंपन्या लिहून देतात. जुन्यांना आम्ही पुढची दहा वर्षं धरली. वॅटला, वर्षाला असा भागाकार केला तर जुनी सव्वा रुपया आणि नवी ६४ पैसे. नवी निम्म्याने स्वस्त! पहिल्या रात्री मी हे बघून वही मिटली. दुसऱ्या सकाळी बँक जागी झाली. अकराव्या ते पंचविसाव्या वर्षाची वीज मी आज विकत का घेऊ? दहा वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत रुपया नसते, हे मी लोकांना जन्मभर समजावलं. त्यात प्लेटचा भाव आजवर जसा उतरत आला तसा पुढेही उतरला, तर दहा वर्षांनी लागतील त्या प्लेटा तेव्हाच्या भावाने घेणं शहाणपणाचं. शेतात तर वळवाचा पाऊस, वादळ, माकडं, गोफणीचा दगड. तिथल्या प्लेटला पंचवीस वर्षांचं आयुष्य देणं म्हणजे फार आशावाद. गच्चीवर मात्र ती टिकेल. म्हणून या कलमाचं उत्तर मी दोन्ही ठिकाणी वेगळं लिहिलं. हमीबद्दल आणखी एक. हमी कंपनीइतकीच जगते. सीडी बनवणारी म्हणून आपल्याला माहीत असलेली मोझर बेअर प्लेटाही बनवायची. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. चीनमधल्या सनटेक कंपनीचा मुख्य कारखाना २०१३ मध्ये दिवाळखोर झाला, तेव्हा ती जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी होती. जुन्या प्लेटला तर हमी नसल्यातच जमा, कारण ती बहुधा पहिल्या मालकाबरोबर संपते.

९. प्लेटा किती वेगाने झिजतात याचं एकच उत्तर नाही, आणि जे एक उत्तर देतात ते काहीतरी विकत असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी जगभरच्या मोजण्या गोळा केल्या तेव्हा मधला आकडा वर्षाला सुमारे अर्धा टक्का आला. तो धरला तर दहा-बारा वर्षांची प्लेट जवळजवळ नवीच म्हणायची. पण आयआयटी मुंबई आणि राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने देशभर फिरून प्लेटा तपासल्या, तेव्हा उष्ण प्रदेशातल्या प्लेटा थंड प्रदेशातल्यांपेक्षा जास्त झिजलेल्या दिसल्या, आणि मोठ्या प्रकल्पांपेक्षा घरांच्या छतांवरच्या छोट्या संचांची अवस्था वाईट निघाली. कारण फारसं गूढ नाही. छतावर वारा खेळायला प्लेटच्या खाली जागा कमी असते, आणि मोठ्या प्रकल्पात माल तपासून घेणारा माणूस पगारी असतो; आपल्याकडे तो मेहुणा असतो. मला यातून एक उपयोगी प्रश्न मिळाला: ही प्लेट आधी कुठे होती? मोठ्या प्रकल्पातून बदलून निघालेली असेल तर मी चार पैसे जास्त देईन.

१०. बिल मागितलं की भाव वाढतो, आणि वाढू द्यावा. शेतातल्या प्लेटा चोरीला जातात हे गावाकडे सगळ्यांना माहीत आहे. त्या कुठेतरी विकल्याही जातातच. सरकारी योजनेतून मिळालेल्या सौर कृषिपंपाच्या प्लेटा तर लाभार्थ्याने विकायच्याच नसतात. पाठीवरचं स्टिकर नवं छापून लावता येतं, २५० चं २८० होतं. काचेखाली, सेलच्या शेजारी दाबलेला नंबर मात्र सहजी बदलता येत नाही. तो आणि स्टिकरवरचा नंबर जुळतो का बघायचं, आणि तोच बिलावर लिहून घ्यायचा. एका ठिकाणी मी नंबर वाचायला चष्मा काढला, तर "काकू, तुम्ही घेणाऱ्यातल्या नाही" असं ऐकून घ्यावं लागलं. निदान हे निदान तरी अचूक होतं.

११. नव्या आणि जुन्या प्लेटा एका माळेत ओवू नयेत. मालिकेत जोडल्या की सगळ्यांतून एकच करंट वाहतो, आणि तो सगळ्यात अशक्त प्लेट ठरवते. तेरा अँपिअरची नवी आठ अँपिअरच्या जुन्या बहिणीबरोबर आठाचीच होऊन बसते. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना जास्त सांगायला नको.

१२. सगळ्यात स्वस्त वॅट बादलीतून येतो. सोलापूरच्या धुळीने महिनाभर न पुसलेल्या प्लेटांचा आकडा आणि धुतल्यावरचा आकडा इन्व्हर्टरच्या ॲपवर शेजारी-शेजारी बघितला, तेव्हा नव्या-जुन्याच्या वादात मी जे दशांश कुरवाळत होते ते किती किरकोळ होते ते दिसलं. सकाळी लवकर, प्लेटा गार असताना, साधं पाणी आणि मऊ ब्रश. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही.

१३. तर आमचा निकाल असा. गच्चीवर नव्या, देशी, अनुदानाच्या. वस्तीवर जुन्या सात, एमपीपीटी कंट्रोलरसह. दिवे, पंखे, झटका मशीन आणि टाकीवर पाणी चढवणारी छोटी मोटर त्यांवर चालते. आठवी, चोवीस व्होल्टवाली, गोठ्याच्या भिंतीला टेकून आहे. तिची ॲल्युमिनियमची चौकट भंगारवाला घ्यायला तयार आहे, काच आणि सेल नको म्हणतो. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर प्लेटाही आल्या आहेत, पण त्यातली जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, आणि ही बनवणारी कंपनी कोण ते स्टिकरवर वाचता येत नाही. म्हणजे जुनी प्लेट घेणारा तिचा शेवटचा मालक होतो, आणि तो खर्च माझ्या वॅटच्या हिशेबात अजून धरलेला नाही. तुम्ही जुन्या बघायला निघालात तर ढगाळ दिवशी जाऊ नका. दुपारी बारा ते दोनच्या उन्हात जा, डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर आणि मोजणारा माणूस बरोबर न्या, वायर जोडताना-काढताना प्लेटवर जाड चादर टाका, आणि बिल मिळत नसेल तर रिकाम्या टेम्पोने परत या.